तेंग घराण्याची आठवी पिढी

"नारळ बरा दिसतोय," तेंग डॉक्टर म्हणाले. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं आणि मागं वळून ओट्यावर ठेवला.

"डॉक्टर, आज गुरुपौर्णिमा आहे."

"माहीत आहे. दोन पेशंटांनी आज येत नाही म्हणून कळवलंय."

"मी शिष्य व्हायला आलोय."

"गेल्या वर्षी पण आला होतास. तो नारळ आतून नासका निघाला." त्यांनी फाटकाची कडी लावली आणि वरून माझ्याकडं पाहिलं. "दाढ दुखत असेल तर दहानंतर ये."

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी एकवीस वर्षांचा होतो, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि मिरजेतल्या एकुलत्या एक चिनी माणसाचा शिष्य होण्यापलीकडं मला आयुष्यात काहीही करायचं नव्हतं. वडिलांची नोकरी रत्नागिरीला, आई त्यांच्याबरोबर. मी कॉलेजपुरता मालनआत्याकडं राहत होतो. आत्याच्या घराला मोठी गच्ची होती, आणि गच्चीसमोर बोळापलीकडं तेंग डॉक्टरांचं अंगण होतं. रोज पहाटे साडेपाचला डॉक्टर अंगणात येत, आमच्या घराकडं तोंड करून उभे राहत आणि चाळीस पावलांचा एक चिनी मर्दानी खेळ करत. सत्तरीला आलेला माणूस, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, वर बंडी. पण बाविसाव्या पावलाला ते एका पायावर असे फिरत की जास्वंदीवरच्या चिमण्यासुद्धा उडायच्या विसरत. मी गच्चीवर उभा राहून त्यांचं बघून तेच करायचो. दोन वर्षं. खाली आत्याच्या शिवणक्लासात त्यामुळं छताचा चुना पडायचा.

डॉक्टरांच्या घराण्यात सहा पिढ्या ही विद्या बापाकडून लेकाकडं, लेकाकडून शिष्याकडं आली होती. सातवे तेंग डॉक्टर. ते कलकत्त्यामार्गे एक्कावन्न साली मिरजेत आले आणि त्यांनी पाटी लावली : चायनीज डेंटिस्ट. मराठी ते पेशंटांकडून शिकले. पेशंट बिचारे तोंड उघडं ठेवून बोलणार, त्यामुळं पहिली काही वर्षं डॉक्टरांच्या मराठीत ओठ मिटायची अक्षरं जरा कमी असत, असं जुने लोक सांगायचे. पुढं ती भरून निघाली. मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली, बायको वारली, आणि डॉक्टर चिमटे, जास्वंद आणि चाळीस पावलं घेऊन एकटे राहिले. शिष्य मात्र एकही नाही. का नाही, हे कोणी विचारलं तर ते त्याला तोंड उघडायला सांगत. मग संवाद संपायचा.

त्यांची दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ते कोणाच्याही घरी चहा घेत नसत. पन्हं घेत, ताक घेत, लग्नात मठ्ठ्याचे तीन ग्लास घेत. चहा पुढं आला की हात जोडून उठायचे. दाताचा डॉक्टर, चहानं दात पिवळे होतात, असा मिरजेनं त्याचा अर्थ लावला होता, आणि काही घरांनी त्या धास्तीनं मुलांचा चहा बंदही केला होता. मी त्यांना नारळ दिले, पेढे दिले, शाल दिली, एकदा तर रस्त्यात साष्टांग नमस्कार घातला. नारळाची चटणी झाली. पेढे पेशंटांना वाटले. शाल खुर्चीवर घातली. नमस्काराच्या वेळी ते म्हणाले, "ऊठ, मागून रिक्षा येतेय."

त्या दिवाळीत मालनआत्याचे वरचे सगळे दात काढावे लागले.

आत्या त्रेपन्न वर्षांची, बिनलग्नाची, अंगानं भरदार. "मालन शिवणक्लास" ही मिरजेतल्या दोन पिढ्यांच्या पोरींची फौज तिनं उभी केलेली. गुडघे गेलेले, त्यामुळं चार वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. दात काढल्यावर तीन आठवडे तिनं उंबरा ओलांडला नाही. तोंडाला पदर लावून शिकवायची. काय बोलते ते पोरींना कळायचं नाही, त्यामुळं त्या जास्तच घाबरून नीट शिवायच्या. कवळी बसवून घ्यायला दवाखान्यात जायचं म्हणजे बोळ ओलांडायचा, आणि बिनदाताची ती बोळ ओलांडणार नव्हती. शेवटी डॉक्टरच पिशवी घेऊन आमच्या घरी आले.

उजेडासाठी ते दारात पाट टाकून बसले, आत्या समोर खुर्चीत. अर्धा तास घासणं, बसवणं, काढणं, परत घासणं.

"म्हणा, सत्तावीस."

"सत्तावीस."

"सदुसष्ट. सत्त्याहत्तर."

"सत्त्याहत्तर!" आत्या आरशात बघून हसली. तीन आठवड्यांनी हसली. मग उठली. "बसा. चहा टाकते."

"मी घेत नाही, बाई."

"माहीत आहे. सगळ्या मिरजेला माहीत आहे. पण तुम्ही माझ्या घरातून कोरडे गेलात तर हे दात मला लाभायचे नाहीत."

मी म्हटलं, "आत्या, ते खरंच घेत नाहीत गं."

"तू गप. तुला आग्रह कशाशी खातात ते ठाऊक नाही."

आलं घातलेला, दूध आटवलेला, तीन चमचे साखरेचा चहा आला. डॉक्टरांनी हात जोडले.

"अर्धा कप," आत्या म्हणाली.

"नको."

"बशीत ओतून देते."

"नको, बाई. नका देऊ."

पुढं जे झालं ते पाहून मी खुर्चीतून उठलो. आत्यानं एका हातानं चौकट धरली आणि एक गुडघा खाली टेकला. कट्‌ असा आवाज झाला. मग दुसरा गुडघा. पाटावर बसलेल्या डॉक्टरांसमोर ती दोन्ही गुडघ्यांवर बसली, कपबशी दोन्ही हातांत धरली आणि मान खाली घातली. रुसलेल्या पाहुण्यासाठी आमच्या घराण्यात हा शेवटचा उपाय होता. मी तो फक्त ऐकला होता.

"आता तुम्ही घ्याल तेव्हाच मी उठणार," ती म्हणाली.

तेंग डॉक्टरांनी पैलवानांच्या अक्कलदाढा चेहऱ्यावरची रेघ न हलवता उपटलेल्या मी पाहिल्या होत्या. त्या दिवशी रेघ हलली.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही काय करताय ते कळतंय तुम्हाला?"

"न कळायला काय झालं?"

"नीट विचार केलाय?"

"केलाय."

"मागं फिरता येणार नाही."

"कोण फिरतंय? डॉक्टर, निवतोय तो."

डॉक्टर उभे राहिले. शर्टाचं गळ्याचं बटण लावलं. परत पाटावर बसले, पाठ ताठ केली, दोन्ही हातांनी कप घेतला आणि वाफाळता चहा तीन घोटांत संपवला. रिकामा कप त्यांनी आत्याच्या हातात परत ठेवला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. ते आल्यानं झालं असेल असं मला तेव्हा वाटलं.

"उद्या पहाटे साडेपाचला या," ते म्हणाले. "पोट रिकामं ठेवून."

कवळीचं काहीतरी राहिलं असेल असं समजून आत्या दुसऱ्या दिवशी मफलर बांधून, कवळीची डबी घेऊन उपाशीपोटी गेली. मी त्या दिवशी नेमका झोपून राहिलो. सात वाजता ती भिंत धरत परत आली. कपाळावरून घाम निथळत होता.

"काय केलं गं त्यांनी?"

"उभं केलं."

"कुठं?"

"अंगणात. गुडघे वाकवून. खुर्ची नसताना खुर्चीत बसायचं. दीड तास."

"आणि दात?"

"दाताचं नावसुद्धा काढलं नाही," आत्या म्हणाली. "उप्या, तो माणूस मला लेक म्हणाला."

मी बोळ एका उडीत ओलांडला. डॉक्टर जास्वंदीला पाणी घालत होते.

"डॉक्टर, हे काय चाललंय?"

"शिकवणं."

"आत्याला?"

"त्यांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चहा दिला. मी तीनदा विचारलं. त्या तीनदा हो म्हणाल्या. मी प्यालो." त्यांनी झारी खाली ठेवली. "आमच्यात शिष्य असाच होतो. माझ्या गुरूसमोर मी पण असाच बसलो होतो, नऊ वर्षांचा असताना. दुसरा रस्ता नाही."

सव्वीस वर्षं हा माणूस चहाला का घाबरत होता, ते मला त्या फाटकाशी कळलं. आणि मिरजेत असा एकही पदार्थ, फळ, कापड उरलं नव्हतं जे मी त्यांना दिलं नव्हतं. एक चहा सोडून.

"पण आत्याला काहीच माहीत नव्हतं!"

"माहीत असलं पाहिजे असा नियम नाही. उठायचं नाही, एवढाच नियम आहे." त्यांनी झारी परत उचलली. "बासष्ट साली माझ्याकडं दोन पोरं यायची. चांगली पोरं. मग लढाई झाली आणि लोक त्यांच्या आईबापांना विचारायला लागले, चिनी माणूस पोरांना काय शिकवतो? मी म्हटलं, येऊ नका. त्या दिवशी ठरवलं, कोणाचा चहा घ्यायचा नाही. माझ्यापायी कोणाच्या दारात प्रश्न नकोत. लोक एकदा आग्रह करतात, दोनदा करतात. खाली कोणी बसलं नव्हतं."

मी घरी गेलो, चहा केला, कप घेऊन आलो आणि त्यांच्या फाटकात गुडघ्यावर बसलो. बोळातून दूधवाला जात होता. तो थांबून बघायला लागला.

डॉक्टरांनी मला एकदाही विचारलं नाही. म्हणाले, "ऊठ, उपेंद्र. म्हाताऱ्या गुरूनं शेवटचा शिष्य घेतला की दार लागतं. ते परत उघडत नाही. मालनबाई शेवटच्या."

"पण पहिल्या पण त्याच आहेत!"

"हो," ते म्हणाले. "सोयीचं झालं."

तो चहा दूधवाल्यानं घेतला.

मला वाटलं, आत्या चार दिवसांत सोडेल. मी तसं तिला समजावलंही, अगदी तिच्या गुडघ्यांची काळजी दाखवून. ती ब्लाऊजची बाही कापत होती आणि कापताना त्या नसलेल्या खुर्चीत बसली होती.

"तीनदा हो म्हटलंय मी," ती म्हणाली. "आता जाऊन सांगू का, तो नुसता चहाच होता म्हणून?"

महिन्याभरात ती जमिनीवर बसून हाताचा आधार न घेता उठली. त्या दिवशी तिनं सगळ्या क्लासला भजी घातली. पाचव्या महिन्यात ती पंधरा पावलांवर गेली, पावसाळ्यात तिसावर. साडीचा काचा मारून, कवळी डबीत काढून ठेवून. डॉक्टर तिला काठीनं टोचत, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून करायला लावत, शाबास म्हणून कधी म्हणत नसत. गुरूनं बापासारखं कडक असायचं, असं त्यांच्यात होतं. आणि मी गच्चीवरून त्या दोघांना बघत माझं माझं करत राहिलो. जळत होतो, पण पावलं चुकवत नव्हतो.

पुढच्या दिवाळीत कॅनडाहून पत्र आलं. लेकीनं व्हिसाचं काम करून घेतलं होतं, जानेवारीत निघायचं. डॉक्टर ते पत्र घेऊन आमच्याकडं आले आणि पाटावर बसले.

"मालनबाई, जायच्या आधी एक काम राहिलंय. तुम्ही आठवी पिढी. तुमच्या हाताखाली कोणीतरी बसलेलं बघितल्याशिवाय मला विमानात चढता येणार नाही. शिष्य घ्या."

मी त्या वेळी तांदूळ निवडत होतो. निवडायचा थांबलो.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मला गुरू मिळणार की नाही, हे आता ज्या बाईच्या हातात होतं, तिनं माझे लंगोट धुतले होते.

"हा?" ती म्हणाली. "डॉक्टर, हा सकाळी उठून स्वतःच्या गादीची घडी घालत नाही. दोनदा अकाउंटन्सीत नापास झाला. चहा तर याच्या हातचा मी रोज पिते, मग झालाच की हा शिष्य!"

"गुडघ्यावर बसून देतो?"

"टेबलावर आदळतो."

"मग नाही झाला."

"आणि याला येतं काय? तीन वर्षं गच्चीवर नुसता धपाधपा नाचतोय."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "नाचतोस? दाखव."

क्लास सुटला होता. मशिनं भिंतीकडं सरकवली आणि मी त्या दोघांसमोर उभा राहिलो. तीन वर्षं हा क्षण मी गच्चीवर रोज पाहिला होता, फक्त त्यात बटणांचे डबे आणि आत्या नव्हती. मी सुरू केलं. चाळीसच्या चाळीस पावलं केली. बाविसाव्याला फिरलो, पडलो नाही. संपल्यावर पाहिलं तर आत्यानं तोंडाला पदर लावला होता. या वेळी दात असून.

"सगळं उलटं," ती म्हणाली. "उजवं तिथं डावं, डावं तिथं उजवं. देवा रे!"

मला कळायला जरा वेळ लागला. डॉक्टर माझ्याकडं तोंड करून खेळायचे. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला यायचा, आणि मी इमानेइतबारे डावा उचलायचो. तीन वर्षं मी तेंग घराण्याची सहा पिढ्यांची विद्या डावखुरी शिकलो होतो.

डॉक्टर हसत नव्हते. ते उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"परत कर. हळू."

मी परत केलं, आणि ते माझ्यासमोर, माझ्याबरोबर. माझा डावा हात उठला की त्यांचा उजवा उठायचा. आम्ही एकदमच फिरलो, एकदमच थांबलो.

"माझ्याकडं आरसा आहे तो एका दाढेपुरता," ते म्हणाले. "साठ वर्षं हे करतोय. समोरून कसं दिसतं ते आज बघितलं." मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "पण अकराव्या पावलाला वाकलास, ते कुठलं? ते माझ्यात नाही."

मी मान खाली घातली. "गच्चीवर तिथं कपडे वाळत घालायची तार आहे."

आता मात्र ते हसले. पाटावर बसून, मांडीवर थापा मारत हसले. आत्याला वाटलं त्यांना ठसका लागला, ती पाणी आणायला धावली.

"राहू दे ते," श्वास सापडल्यावर ते म्हणाले. "चौथ्या पिढीतला गुरू लंगडा होता. सव्विसाव्या पावलाला आम्ही सगळे अजून लंगडतो. मालनबाई, तुम्ही पण लंगडता. तुमच्याकडून पुढं सगळे तारेखालून जातील. जाऊ देत."

आत्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, ब्लाऊजचं माप घेताना बघायची तसं.

"तीन वर्षं रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"तापात पण?"

"तापात बसून केलं. हात नुसते."

ती खुर्चीत बसली आणि कवळी नीट केली. "जा, टाक चहा. आणि आदळायचा नाही."

मी गुडघ्यावर बसलो. दोन्ही हात, मान खाली. ती डॉक्टरांकडं बघून गळ्याचं बटण शोधत होती, ते साडीला नसतं.

"काय करतोयस ते कळतंय?"

"कळतंय."

"विचार केलायस?"

"केलाय, आत्या."

तिसरा प्रश्न तिनं स्वतःचा घातला. "गादीची घडी घालशील?"

मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मला थोडा वेळ लागला, कारण मागं फिरता येत नाही हे मला माहीत होतं.

"घालीन."

ती तीन घोटांत चहा प्यायली.

दुसऱ्या दिवसापासून आत्यानं मला त्या नसलेल्या खुर्चीत बसवलं आणि महिनाभर उठू दिलं नाही. उजवं डावं उलटं करण्यात माझी जी दैना झाली ती सांगत बसत नाही. ती काठीनं टोचायची. शाबास म्हणायची नाही. तीन वर्षं ज्या अंगणात शिरायची स्वप्नं पाहिली, तिथं मी आता भिंतीकडं तोंड करून थरथरत उभा असायचो, आणि आत्या बाजूला बसून कवळी नसलेल्या तोंडानं आकडे मोजायची.

सहा आठवड्यांनी, एका सकाळी, डॉक्टर आतून खुर्ची घेऊन आले. खरी, चार पायांची.

"बस," ते मला म्हणाले.

"आत्या म्हणाली, नव्वद मोजेपर्यंत..."

"बस रे. दमलास." त्यांनी लेंग्याच्या खिशातून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. "आता बघ. हे मालनबाईंना पण दाखवलेलं नाही."

ते जास्वंदीपाशी गेले, डाव्या पायावर उभे राहिले, उजवा पाय कानापर्यंत वर नेला आणि अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत एक फूल देठापासून अलगद तोडलं. पाय खाली आणून ते फूल माझ्यापुढं धरलं. पायानंच.

"याचा मारामारीत काय उपयोग?" मी विचारलं.

"काही नाही. माझ्या आजोबांनी मला दाखवलं होतं. चल, तू कर. आधी खालची फांदी."

"डॉक्टर!" आत्या दारातून ओरडली. "त्याचे नव्वद व्हायचेत अजून! मला शेंगा कधी दिल्यात? शेंगा सोडा, वर्षभरात एकदा तरी बरं म्हणालात?"

"तुम्ही माझ्या शिष्या, बाई. तुमचे लाड करायला मला परवानगी नाही." त्यांनी माझ्या पायाखाली हात घालून तो फांदीपर्यंत उचलला. त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. "हा शिष्याचा शिष्य. याचा मी आजोबा लागतो."

"पण जानेवारीचं तिकीट आहे ना तुमचं?" आत्यानं विचारलं.

"मार्चचं करून घेतलं," आजोबा म्हणाले. "पाय ताठ ठेव रे."